पेढेवालीचं माप

एका बाजारगावात गोदाक्का नावाची एक पेढेवाली राहत होती. तिच्या हातचा पेढा म्हणजे पेढा! दूध किती, साखर किती, जाळ कधी ओढायचा, सगळं तिचं ठरलेलं. गावात मुलगा झाला की लोक तिच्याकडून पेढे नेत, मुलगी झाली की बर्फी. दोन्ही एकाच कढईतल्या खव्याची. पण गोदाक्काला आपल्या दारात पेढेच वाटायचे होते.

मुलगा दामूच्या लग्नाला तीन वर्षं झाली, तेव्हा तिच्या मनानं घेतलं, माप बरोबर धरलं की पेढा जमतो, मग नातू का नाही जमायचा? कुणी सांगितलं, पाळीपासून मोजून सम दिवस धरा. तिनं चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढल्या आणि कोणता दिवस चांगला, हे लेकसुनेला तीच सांगू लागली. दामू बिचारा लाजेनं त्या भिंतीकडे बघायचासुद्धा नाही. कुणी सांगितलं, सुनेला खारट द्या, केळी द्या. दूध प्यायलं की मुलगी होते. झालं! ज्या घरात रोज घागरी घागरी दूध आटायचं, त्याच घरात सुनेला, इंदूला, दुधाचा थेंब बंद.

यथावकाश इंदूला दिवस गेले. शेजारणी म्हणाल्या, "अक्का, आता तरी दे गं तिला पेलाभर दूध."

"वा! मध्येच ढवळणं थांबवलं तर खवा करपतो," गोदाक्का म्हणाली. "आता शेवटपर्यंत न्यायचं."

इंदू सासूशेजारी बसून कढईत कालथा फिरवायची आणि दुधाची वाफ नाकात गेली की आवंढा गिळायची.

सहाव्या महिन्यात, जत्रेच्या आदल्या दिवशी, ती कढईपाशीच भोवळ येऊन पडली. दामू धावत जाऊन साळूबाई सुईणीला घेऊन आला. म्हातारीनं इंदूची पापणी खाली ओढून पाहिली. पांढरीफटक. पोटावर हात ठेवून बराच वेळ बसली.

"काय खायला घालतेस हिला?"

गोदाक्कानं सगळं सांगितलं, तेही मोठ्या तोऱ्यात.

"गोदे, चाळीस वर्षं बाळंतपणं करतेय मी. केळी खाणाऱ्यांना मुली झाल्या, दूध पिणाऱ्यांना मुलगे झाले. तुझ्या त्या रेघांचं तर विचारूच नकोस. पण पोरीला असं वाळवून बाळ धडधाकट झालेलं काही मी बघितलं नाही. ही अशीच राहिली तर दोन्ही जीव हातचे जातील."

"मग नातू?" गोदाक्काच्या तोंडून निघून गेलं.

पडल्या पडल्या इंदूच हळूच म्हणाली, "आत्याबाई, मला स्वप्नातसुद्धा दूध दिसतं हो."

कढईत जत्रेसाठीचं दूध नुकतंच तापलं होतं. गोदाक्कानं चुलीतली लाकडं बाहेर ओढली, पेला भरला, फुंकर घालून कोमट केला आणि सुनेच्या ओठांना लावला. एक पेला झाला, थोड्या वेळानं दुसरा. मग ओलं फडकं घेऊन भिंतीवरच्या रेघा पुसून टाकल्या. जत्रेला आलेली गिऱ्हाइकं त्या वर्षी पेढ्यांवाचून परत गेली. गोदाक्काला त्याचं काही वाटलं नाही. उरलेलं दूध तिनं सुनेसाठी झाकून ठेवलं होतं.

तीन महिन्यांनी इंदू सुखरूप बाळंत झाली. गुटगुटीत मुलगी. साळूबाई बाळाला सासूच्या मांडीवर ठेवत म्हणाली, "काय गोदे, चुकलं का गं माप?"

गोदाक्कानं बाळाची इवलीशी मूठ आपल्या डोळ्यांना लावली. "चुकलं असतं गं साळूबाई, वेळेवर तू आलीस म्हणून वाचले. सून उठून बसलीय, पोर टाहो फोडतीय. याहून आणखी देवानं काय द्यायचं?"

त्या दिवशी तिनं पेढे आणि बर्फी एकाच पुड्यात बांधून घरोघर वाटली. पुडा उघडून लोक बुचकळ्यात पडले. "अगं अक्का, नातू झाला का नात?"

गोदाक्का हसून म्हणाली, "आधी तोंड गोड करा. मायलेकी सुखरूप आहेत!"

तात्पर्य: मूल आपल्या मापानं घडत नाही, त्याला पोटात वाढवणाऱ्या आईला जपावं आणि जे सुखरूप पदरात पडेल त्याचे मनापासून उपकार मानावेत.