रंगाऱ्याची आंघोळ

खूप जुनी गोष्ट आहे. एका नदीकाठच्या गावात एक रंगारी राहत होता. माणूस हौशी आणि कामाला वाघ. पण रंगाच्या कुंडात सतत हात बुडवून त्याच्या हातांना जखमा झाल्या. हात बरे झाले नाहीत तर धंदाच बसणार, या काळजीने त्याची झोप उडाली.

वैद्यबुवा म्हणाले, "दूर वाळवंटात एक खारं तळं आहे. एकवीस दिवस त्यात आंघोळ कर. मात्र बाहेर आलास की गोड्या पाण्याने अंग धू, नाहीतर मीठ जखमांना झोंबेल."

रंगारी खूश झाला. औषधही होणार आणि मुलूखही बघून होणार.

तळ्याकाठी मीठ गोळा करणारी एक म्हातारी एकटीच राहायची. तिने त्याला आपल्या झोपडीत जागा दिली. दारात गोड्या पाण्याचा रांजण होता. दर चार दिवसांनी एक उंटवाला लांबून येऊन तो भरून जाई. तिकडची रीत अशी, की पाहुण्यापुढे पाणी कमी आहे असं म्हणायचं नाही.

रंगारी रोज तळ्यात डुंबायचा. पांढऱ्याशुभ्र काठावर हिंडायचा, गुलाबी पक्ष्यांचे थवे बघत बसायचा. मग अंग धुवायचा. आता रंगाऱ्याचं धुणं तुम्हाला ठाऊक असेलच. कापडातून निथळणारं पाणी नितळ होईपर्यंत त्याचं समाधान होत नाही. अंगही तो तसंच धुवायचा, मिठाची चव जिभेला लागेनाशी होईपर्यंत. पाणी संपतं, हे या नदीकाठच्या माणसाच्या गावीही नव्हतं.

"आजी, अजून एक घागर घेऊ का?"

"घे की बाळा. विचारतोस काय?"

म्हातारी दिवसेंदिवस वाळत चालली. तिचे ओठ फुटले. रंगाऱ्याने एकदा विचारलं, तर ती म्हणाली, "वय झालं रे माझं." त्याला ते पटलं. पटवून घेणं सोयीचंच होतं, असं मला वाटतं.

एकविसाव्या दिवशी त्याच्या हातांवर एकही जखम उरली नाही. अंग धुऊन तो झोपडीत धावत आला. "आजी, माझे हात बघा."

म्हातारी अंथरुणावर पडली होती. "छान झाले रे," ती कशीबशी बोलली. "मला घोटभर पाणी दे."

त्याने रांजणात तांब्या घातला, तो तळाला खडखडला. रांजण आडवा केला, तरी थेंब निघाला नाही. उंटवाला यायला अजून एक दिवस होता. रंगाऱ्याने तळ्यात नेसलेला ओला पंचा तिच्या ओठांवर पिळला. दोन थेंब पडले. ते खारट होते. म्हातारीने हळूच तोंड फिरवलं आणि तशीच, कोरड्या घशाने, ती गेली.

दुसऱ्या दिवशी उंटवाला आला. सगळं ऐकून तो खाली बसला. म्हणाला, "मी म्हटलं होतं तिला, पाहुण्याला सांग म्हणून. ती म्हणाली, दुखणाईत माणूस आहे, त्याला बरा होऊ दे. मला दिवसाला एक पेला पुरतो."

रंगारी हमसून हमसून रडला. पण आता त्या रडण्याचा म्हातारीला काय उपयोग?

तो गावी परतला. लोकांनी त्याच्या हातांचं खूप कौतुक केलं. ते हात त्याने आपणहून कधीच कुणाला दाखवले नाहीत.

तात्पर्य : देणारा नाही म्हणत नसेल, तर त्याच्याजवळ किती उरलं आहे, हे घेणाऱ्यानेच पाहावं.