पाणपिशवी वाळवण्याबाबत

विषय : पाठीवर घ्यावयाच्या स्वस्त पाणपिशवीची खरेदी व निगा.
संदर्भ : एका भांडारपालाचा डोंगरभ्रमण मंडळाकडील सदस्यत्वाचा अर्ज, रकाना क्रमांक नऊ.

वरील विषयास अनुसरून सांगावयाचे ते असे की, एकदा एक भांडारपाल सेवानिवृत्त झाला. एकतीस वर्षे त्याने सरकारी वस्तू कुलपात ठेवल्या होत्या. त्यांतल्या पुष्कळशा कुणी कधी मागितल्याच नाहीत, आणि हे तो आपल्या चोख व्यवस्थेचे फळ समजत असे. पत्नी चार वर्षांपूर्वी गेली होती. मूल नव्हते. एका तीन मजली इमारतीत पाच क्रमांकाच्या खोलीत तो राहत असे आणि दार नेहमी आतून लावलेले असे. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जाई. कधी कधी दोन-दोन दिवस असे जात की स्वतःचा आवाजही त्याच्या कानी पडत नसे. मग तो वर्तमानपत्रातली एखादी निविदासूचना मोठ्याने वाचून काढी, घसा चालू आहे की नाही हे पाहण्यापुरती.

त्या शहराच्या पाठीशी डोंगर होते आणि ते चढणारे ज्येष्ठांचे एक मंडळ होते. मंडळाचे प्रमुख एक वृद्ध गृहस्थ, पूर्वीचे कवायतीचे शिक्षक. सगळे त्यांना मास्तर म्हणत. नियम सोपे होते. डोंगरावर पाणी नाही, म्हणून प्रत्येकाने आपले दोन लिटर पाठीवर न्यायचे. तीन फेऱ्या उमेदवारी करायची. मग अर्ज मंजूर. भांडारपालाने अर्ज भरला आणि पाणपिशवी घ्यायला बाजारात गेला.

"काका, ही बघा," दुकानदार म्हणाला. "सॅकच्या आत प्लॅस्टिकची पिशवी, दोन लिटरची. ही नळी खांद्यावरून तोंडाशी येते. चालता चालता ओढायचं. थांबायला नको, कुणाकडे मागायला नको."

शेवटचे वाक्य भांडारपालाला फार आवडले. परंतु आवडला म्हणून माल स्वीकारणाऱ्यांपैकी तो नव्हता.

"भरून दाखवा."

"काय?"

"पाणी भरा, तोंड बंद करा आणि उलटी टांगा. पंधरा मिनिटं."

"अहो, साडेसहाशेची पिशवी आहे ही. धरणाचं दार नाही."

"धरणाच्या दाराचा मी कधी वास घेतला नाही. हिचा घेणार आहे."

पंधरा मिनिटे दोघे टांगलेल्या पिशवीकडे पाहत बसले. थेंब पडला नाही. भांडारपालाने मग पिशवीच्या तोंडात हात घालून पाहिला. मनगटापर्यंत गेला, म्हणजे आतून घासता येणार होते. खांद्याचे पट्टे ओढून पाहिले, शिवण उलटून पाहिली, वास घेतला. खरेदी निर्दोष झाली. दोष पुढेच होता.

पहिली फेरी सुरळीत पार पडली. बाकीचे वाटेत झाडाखाली टेकत, एकमेकांच्या बाटल्या तोंडाला लावत, गुडघ्यांच्या गप्पा मारत. भांडारपालाला थांबण्याचे कारणच नव्हते. तो नळी ओढत पुढे गेला आणि माथ्यावर पाऊण तास एकटा उभा राहिला. घरी येऊन त्याने पिशवी रिकामी केली, बाहेरून कोरड्या फडक्याने पुसली, तोंड घट्ट बंद केले, नळी गुंडाळली, सगळे मूळ वेष्टनात घातले, सुतळीने बांधले, तारखेची चिठ्ठी लावली आणि कपाटात ठेवून कुलूप घातले. सरकारी तंबू, सरकारी कंदील, सरकारी गमबूट त्याने असेच राखले होते. ते आजही जसेच्या तसे असतील. कुणी वापरले असतील तर मात्र सांगता येत नाही.

दुसरी फेरी तीन आठवड्यांनी होती. त्या दिवशी पाण्याला चमत्कारिक चव लागली. नव्या माणसाने तक्रार करू नये म्हणून भांडारपाल ते पीत राहिला. अर्ध्या चढणीवर त्याला भडाभडा उलट्या झाल्या आणि तो एका दगडाला टेकून बसला. मास्तरांनी त्याची पिशवी उघडली. आत काळे ठिपके होते, नळीत शेवाळासारखे काही बुळबुळीत होते.

"हे काय केलंत?"

"सीलबंद ठेवली होती."

"ओली?"

"पुसली होती. बाहेरून."

"बाहेरून!" मास्तर म्हणाले, आणि त्यांनी खिशातून भांडारपालाचा अर्ज काढला. सगळ्यांचे अर्ज ते अशा वेळेसाठीच जवळ बाळगत. रकाना क्रमांक नऊ : 'अडचणीच्या प्रसंगी कोणास कळवावे.' त्यापुढे सुवाच्य अक्षरात लिहिले होते, 'लागू नाही.'

"कुणाला फोन करू?"

"कुणाला नको. बरं वाटेल आता."

"भाऊ? भाचा?"

"नाहीत."

"शेजारी तरी?"

"शेजारी आहेत."

"त्यांची नावं सांगा."

भांडारपालाने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"किती वर्षं राहता तिथे?"

"अकरा."

मास्तरांनी त्याला आपल्या बाटलीतले पाणी पाजले, हाताला धरून खाली आणले आणि पायथ्याशी अर्ज परत दिला. त्यावर शेरा होता : 'अपूर्ण.' भांडारपालाने हा शेरा आयुष्यभर इतरांच्या कागदांवर मारला होता. तो खालून कसा दिसतो, हे त्याने प्रथमच पाहिले.

दुसऱ्या दिवशी मास्तर त्याच्या घरी आले. बसायला खुर्ची दिली तर ते मोरीत गेले. कोमट पाणी, खायचा सोडा आणि लिंबाचा रस पिशवीत घालून त्यांनी ती अर्धा तास भिजवली. परकराची नाडी ओवतात तशी नळीतून दोरी ओवली, दोरीच्या टोकाला कापडाची गाठ मारली आणि ती दोन-तीनदा आरपार ओढून काढली. मग स्वच्छ पाण्याने सगळे विसळले. तोंड मिटू नये म्हणून पिशवीत ताकाची रवी उभी घातली. हे सारे समजण्यासारखे होते. पुढचे नव्हते. रवी घातलेली ती पिशवी त्यांनी बाहेर नेली आणि सर्वांच्या येण्याजाण्याच्या गॅलरीत, अगदी जिन्यासमोर टांगली.

"रोज सकाळी इथे लावायची. संध्याकाळी काढायची. पंधरा दिवस."

"मास्तर, ती आज दुपारीच वाळेल."

"वाळू दे."

"मग पंधरा दिवस कशाला?"

"तुमच्या खात्यात वरिष्ठांना कारण विचारत होतात?"

हा युक्तिवाद बिनतोड होता. भांडारपालाने आज्ञा पाळली.

पहिले दोन दिवस कुणी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तो पिशवी लावत असता शेजारच्या दारातून एक म्हातारी बाहेर आली.

"अहो पाच नंबर! सलाईन कुणाला लावलंय?"

"सलाईन नाही. पाण्याची पिशवी आहे."

"मग रवी कशाला? पाण्याचं ताक करताय?"

"तोंड उघडं राहावं म्हणून."

"बरं झालं. कुणाचं तरी उघडलं तुमच्याकडे," म्हातारी म्हणाली. "मी कुसुम घोलप. अकरा वर्षांनी सांगतेय, पण तुम्ही विचारलंच नाहीत."

दोन दिवसांनी त्याचे दार वाजले. मीटर पाहायला येणाऱ्याखेरीज ते कुणी वाजवत नसे, म्हणून भांडारपाल विजेचे बिल हातात घेऊनच बाहेर आला. वरच्या मजल्यावरचा रिक्षावाला फिरोज तांबोळी उभा होता.

"चाचा, ती नळीवाली चीज कुठे मिळते? दिवसभर उन्हात असतो. बाटली शोधायला गेलं की सिग्नल सुटतो."

भांडारपाल त्याच्याबरोबर दुकानात गेला. दुकानदाराने त्याला पाहताच न सांगता पिशवी भरून उलटी टांगली. पंधरा मिनिटे आता तिघे पाहत बसले. परत येताना भांडारपालाने फिरोजला सोडा, लिंबू, दोरी आणि रवी हे सगळे समजावून सांगितले. इतके सलग तो चार वर्षांत बोलला नव्हता. घरी आल्यावर त्याचा घसा दुखत होता आणि खोली, का कोण जाणे, रोजच्यापेक्षा अधिक गप्प वाटत होती.

पंधराव्या दिवशी मास्तर आले. गॅलरीतली पिशवी त्यांनी उन्हासमोर धरून पाहिली.

"झाली स्वच्छ."

"ती पहिल्याच दिवशी झाली होती," भांडारपाल म्हणाला. "आता तरी कारण सांगा."

मास्तर कठड्याला टेकले. "मी तुम्हाला सांगितलं असतं की शेजाऱ्यांशी बोला, तर तुम्ही बोलला असतात का? त्याचं परिपत्रक मागितलं असतंत. म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारावंसं वाटेल असं काहीतरी दारात टांगलं. विचारलं की उत्तर द्यावं लागतं. तेवढं तुम्हाला येतं, शासनसेवेत होतात. आता मनात म्हणाल की मीही या पिशवीसारखाच, आत ओल ठेवून बंद केलेला. म्हणू नका. पिशवीचं काम एका रवीत भागतं. माणसाला रोज आपल्या हाताने उघडावं लागतं, आणि ते दुसऱ्या कुणाला करता येत नाही. मला तर मुळीच नाही. मी जिन्यापर्यंत आणून सोडलं."

"आणि समजा, उघडूनही कुणी आलंच नाही तर?"

"तर निदान बुरशी येणार नाही," मास्तर म्हणाले. मग खालच्या आवाजात त्यांनी पुढे सांगितले, "माझ्या अर्जातला रकाना नऊ मी दोनदा बदलला आहे. दोन्ही माणसं माझ्याआधी गेली. तिसऱ्यांदा विचारायला जाताना पाय जड होतात, ते मला ठाऊक आहे."

ते जिना उतरून गेले. भांडारपालाने टांगलेली पिशवी काढून घेतली. आत जाताना त्याने दार लोटून घेतले, कडी मात्र लावली नाही.

प्रकरणाची सद्यःस्थिती पुढीलप्रमाणे आहे. रकाना क्रमांक नऊमधील 'लागू नाही' हे शब्द खोडण्यात आले आहेत. त्या जागी श्री. फिरोज तांबोळी यांचे नाव पेन्सिलीने लिहिलेले आहे. संबंधितांची संमती घेणे बाकी आहे. त्यासाठी अर्जदार दोन वेळा वरच्या मजल्यावर जाऊन आले. एकदा तांबोळी घरी नव्हते. एकदा होते.

अर्ज प्रलंबित आहे.