पिटुकल्या पालीची अर्धी गोष्ट

एक होती पाल. पिटुकली. बोटाएवढी.

पाल म्हटलं की नाक मुरडू नका हं! ही पाल भारी शहाणी. ती शाळेच्या वाचनालयात राहायची. भिंतीवर, घड्याळाच्या मागे. साबळेबाई मुलांना गोष्टी वाचून दाखवायच्या. पाल गुपचूप ऐकायची.

एकदा बाई वाचत होत्या, "कासवाला सापडली पेटी. पेटीत वाजलं खुडबुड खुडबुड. कासवाने झाकण उघडलं. आणि आत..."

टण टण टण! घंटा झाली.

बाईंनी पुस्तक मिटलं. पहिलीतल्या मैथिलीने ते घरी नेलं. गेली की हो गोष्ट!

पालीला चैन पडेना. नाकासमोरून डास गेला, तरी तिने खाल्ला नाही.

पाल निघाली. सरसर सरसर. बाईंकडे आली.

"बाई, बाई, पेटीत काय होतं? गोष्ट सांगा ना!"

बाई म्हणाल्या, "नवंकोरं पुस्तक आहे. मलाच ठाऊक नाही गं! मैथिली पुस्तक देईल, तेव्हा मी सांगेन."

पाल निघाली. सरसर सरसर. मैथिलीकडे आली.

"मैथिलीताई, मैथिलीताई,
बाई गोष्ट सांगेनात.
मग मला कसं कळणार, पेटीत काय होतं?
तू पुस्तक दे ना!"

मैथिली म्हणाली, "अंहं! घरच्यांनी ऐकल्याशिवाय पुस्तक परत द्यायचं नाही. आमच्या वाचनालयाचा नियमच आहे. आजोबा वाचतील, तेव्हा मी देईन."

पाल निघाली. सरसर सरसर. आजोबांकडे आली.

"आजोबा, आजोबा,
मैथिली पुस्तक देईना.
बाई गोष्ट सांगेनात.
मग मला कसं कळणार, पेटीत काय होतं?
तुम्ही वाचा ना!"

आजोबा म्हणाले, "वाचलं असतं गं पोरी! पण माझा चष्मा पळवलाय बाळाने. बाळ चष्मा देईल, तेव्हा मी वाचीन."

पाल निघाली. सरसर सरसर. बाळाकडे आली. बाळ बसलं होतं पलंगाखाली. चष्मा मुठीत घट्ट!

"बाळा, बाळा,
आजोबा वाचेनात.
मैथिली पुस्तक देईना.
बाई गोष्ट सांगेनात.
मग मला कसं कळणार, पेटीत काय होतं?
तू चष्मा दे ना!"

बाळ म्हणालं, "नाय! आधी माऊ नाच! मग देईन."

पाल निघाली. सरसर सरसर. मनीमाऊकडे आली. पण जरा लांबच थांबली. मांजरीचा काय भरवसा?

"मनीमाऊ, मनीमाऊ,
बाळ चष्मा देईना.
आजोबा वाचेनात.
मैथिली पुस्तक देईना.
बाई गोष्ट सांगेनात.
मग मला कसं कळणार, पेटीत काय होतं?
तू नाच ना!"

मनी म्हणाली, "उगीच कोण नाचतं? समोर काहीतरी वळवळायला हवं. तुझी शेपूट देशील, तेव्हा मी नाचेन."

बाई गं! शेपूट?

पालीने मागे वळून पाहिलं. छान होती शेपूट. एकच होती. पाल रडवेली झाली.

पण पेटीत काय होतं? खुडबुड कोण करत होतं?

"घे!" पाल म्हणाली.

टुप्! शेपूट पडली खाली. वळवळ वळवळ.

(घाबरू नका. पालीला शेपूट पुन्हा येते.)

शेपूट वळवळली, मनी नाचली. थुई थुई!
मनी नाचली, बाळ हसलं. खिदी खिदी!
बाळ हसलं, चष्मा दिला.
चष्मा मिळाला, आजोबा वाचू लागले.

मैथिली मांडीवर. बाळ पोटावर. मनी पायाशी. पाल भिंतीवर.

"खुडबुड खुडबुड. कासवाने झाकण उघडलं. आणि आत बसला होता बेडूक! बेडूक म्हणाला, 'झाकण लाव रे बाबा! थंडी वाजते!'"

सगळे हसले. पाल तर सगळ्यांत जास्त हसली. चुक चुक चुक!

पुस्तकाच्या शेवटी होता कोरा कागद. ज्याने गोष्ट ऐकली, त्याने तिथे ठसा उमटवायचा. मैथिलीने शाई आणली. ठप्! ठप्! ठप्!

सकाळी मैथिलीने पुस्तक दिलं. बाईंनी कागद पाहिला.

"हा मैथिलीचा अंगठा. हा आजोबांचा. हा बाळाचा. हा मनीचा पंजा. आणि हे पाच बारीक ठिपके कोणाचे?"

"माझे! माझे!" भिंतीवरून आवाज आला.

बाईंनी वर पाहिलं. सगळ्या मुलांनी वर पाहिलं.

"म्हणजे तुला कळलं?" बाई म्हणाल्या. "सांग ना गं! पेटीत काय होतं?"

पाल म्हणाली, "तुम्हीच वाचा ना, बाई. मला परत ऐकायचंय!"

मग बाईंनी पुस्तक उघडलं आणि गोष्ट वाचली. अगदी पहिल्या पानापासून.