निवटोबाची तोंडभर हवा

खाडीचं पाणी ओसरलं. सळ्ळ सळ्ळ, सळ्ळ सळ्ळ. मागे उरला चिखल. काळा काळा, मऊ मऊ.

चिखलात होतं एक बीळ. बिळात राहायचा निवटोबा. निवटोबा म्हणजे इवलासा मासा. डोळे डोक्यावर, मण्यांसारखे. पाण्यात पोहायचा आणि चिखलात उड्या मारायचा. टुणुक टुणुक!

बिळात खोल खोल होती त्याची अंडी. अंड्यांना लागायची हवा. चिखलाच्या पोटात हवा कुठली? मग निवटोबा वर यायचा. गप्पकन तोंडात हवा भरायचा. खाली नेऊन सोडायचा. फुस्स!

आजही तो गाल फुगवून आला. बघतो तर काय? बिळाच्या तोंडात एक खेकडी, चिंबोरी!

"अगं ए, हे माझं बीळ!" निवटोबा ओरडला.

तोंड उघडलं आणि फुस्स! हवा गेली.

"चिंबोरीताई, चिंबोरीताई, बाहेर निघ ना. अंड्यांना हवा मिळेना!"

"मी नाही निघत जा! कालच जुनं कवच टाकलं. नवं अजून मऊ आहे. बाहेर तो बगळा आहे ना, मला मटकावेल. आधी त्याला उडव."

निवटोबा निघाला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. बगळा एका पायावर उभा होता. निवटोबा लांबच थांबला.

"बगळेदादा, बगळेदादा, उडून जा ना.
चिंबोरी निघेना,
अंड्यांना हवा मिळेना!"

"काय म्हणतोस? ऐकू नाही आलं," बगळा म्हणाला. "जरा जवळ ये. अजून जवळ."

"मी नाही येत जा!"

"मग मी नाही उडत जा!"

बगळ्याच्या पायाशी होतं एक डबकं. डबक्यात होता केंड मासा, अंग फुगवून सगळ्यांना घाबरवणारा. निवटोबा मागच्या बाजूने गेला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"केंडदादा, केंडदादा, फुगून दाखव ना.
बगळा उडेना,
चिंबोरी निघेना,
अंड्यांना हवा मिळेना!"

"मी नाही फुगत जा! पाणी पिऊन फुगतो मी. डबक्यात पाणी उरलंय एवढंसं. ते प्यायलो तर पोहू कशात? मधला वाळूचा बांध फोडायला सांग पाखटमावशीला. मग पाणी येईल."

बांधापलीकडे खाडीचं पाणी. टुणुक टुणुक, डुबुक! तळाशी पाखट मासळी पसरली होती. चपटी चपटी, चटईसारखी.

"पाखटमावशी, पाखटमावशी, बांध फोड ना.
केंड फुगेना,
बगळा उडेना,
चिंबोरी निघेना,
अंड्यांना हवा मिळेना!"

"मी नाही फोडत जा! माझं तोंड पोटाला, डोळे पाठीला. वाळूत लपायला छान! पण आज पाणी किती गढूळ झालंय. बांध कुठे, मला कसं कळणार? तो मिशाळ शिंगाळा मासा आहे ना, त्या शिंगाळेकाकांना सांग. त्यांच्या मिशांना सगळं कळतं."

निवटोबा पोहत गेला. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"शिंगाळेकाका, शिंगाळेकाका, वाट दाखवा ना.
पाखट बांध फोडेना,
केंड फुगेना,
बगळा उडेना,
चिंबोरी निघेना,
अंड्यांना हवा मिळेना!"

"मी नाही येत जा!" शिंगाळेकाका म्हणाले. मग हळूच म्हणाले, "येऊ कसा रे बाळा? ही बघ दोरी. माझ्या काट्यात अडकलीय. दुसरं टोक वर, तिवराच्या झाडाच्या मुळाला. तिथे पाणी नाही. मासा कधी पाण्याबाहेर जातो का?"

"मी जातो की!" निवटोबा म्हणाला.

डुबुक! टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. निवटोबा चिखलावर चढला. तिवराचं मूळ बोटासारखं वर आलेलं. त्याला दोरीचा फास. निवटोबाने फास तोंडात धरला. पुढचे पंख हातांसारखे चिखलात रोवले. हेऽऽ ओढलं! नाही निघाला. पुन्हा ओढलं! थोडासा सरकला. हेऽऽऽ हुश्श!

फास सुटला. दोरी सैल झाली. शिंगाळेकाकांनी अंग झटकलं आणि काका मोकळे!

शिंगाळेकाका पुढे निघाले, मिशांनी चाचपत. पाखटमावशी मागे, पंख हलवत.

"हा बांध, मावशी. मार फटका!"

पाखटीने मारले फटके. फट फट फट! वाळू उडाली. बांध फुटला. पाणी शिरलं डबक्यात. खळ खळ खळ!

केंड पाणी प्यायला. गट गट गट! आणि फुगला. फुगला, फुगला, चेंडूएवढा झाला. अंगावर काटेच काटे!

बगळ्याने खाली बघितलं.

"आई गं! हा कोण? हा तर घशातच अडकेल!"

बगळा उडाला. फडफड फडफड, पार पलीकडच्या काठाला.

चिंबोरी निघाली. तिरकी तिरकी, टिक टिक टिक. तिवराच्या पानांखाली जाऊन बसली.

"जा हो निवटोबा, जा लवकर! अंडी वाट बघतायत."

निवटोबाने गप्पकन हवा भरली. गाल टम्म! सुर्रकन खाली गेला. फुस्स!

पुन्हा वर. गप्प! पुन्हा खाली. फुस्स!

पुन्हा वर. गप्प! पुन्हा खाली. फुस्स!

अंडी हलत नव्हती. निवटोबा बघत राहिला. बघत राहिला, बघत राहिला.

मग एक अंडं हललं. आत दिसले दोन डोळे. मण्यांसारखे, टुकुटुकू बघणारे.

शेजारचं अंडं हललं. त्याच्या शेजारचंही हललं.

सगळी अंडी हलली!