पिंपळाखालचं बिऱ्हाड

कराडच्या वाटेवरच्या पिंपळावर एक समंध होता. झाड सोडून त्याला हलता येत नसे, पण त्या सावलीत कुणी छप्पर चढवलं की ते घर तो बळकावायचा.

द्वारका सुतारणीनं तिथंच एका दणकट फोर-व्हील ड्राइव्ह मालट्रकवर फिरतं घर बांधलं. भर दुपारी तिनं शेवटचा नट आवळला, तोच रिकाम्या पलंगाच्या गादीत कुणी बसल्यासारखा खळगा पडला.

“छप्पर झालं. आता घर माझं,” आवाज आला. “उतर, नाहीतर इथंच राहशील. माझ्यासारखी.”

तिनं हातातला पाना खाली ठेवला.

“राहा की, आजोबा,” म्हणत तिनं कमरेची किल्ली काढली. “घट्ट धरून बसा तेवढं. घर आत्ताच लडाखला निघालंय.”

गादीतला खळगा हळूहळू भरून आला.