गंगाधरचं सोन्याचं घड्याळ

सोलापुरात रेवणसिद्ध नावाचा एक चादरींचा व्यापारी राहत असे. त्याला जुन्या सोन्याच्या घड्याळांचा नाद होता. समारंभात मनगटावर बांधायची ती पातळ, नाजूक घड्याळं मिळवायला तो गावोगाव फिरे. कपाट भरत आलं होतं, मन भरत नव्हतं.

त्याचा बालमित्र गंगाधर निवृत्त शाळामास्तर होता. त्याच्याकडे असं एकच घड्याळ होतं. तरुणपणी जुन्या बाजारात, मोडक्या सामानाच्या ढिगात ते पडलेलं होतं आणि त्याने स्वतःच्या नजरेने ते ओळखलं होतं. तसं दुसरं रेवणसिद्धला कुठेच मिळालं नाही. त्याने ते अनेकदा मागितलं. गंगाधर हसून नाही म्हणे.

म्हातारपणी गंगाधरची दृष्टी गेली. एके दिवशी त्याने घड्याळ मित्राच्या हातात दिलं.

"मला आता दिसत नाही. तू नीट बघून सांग, अजून तसंच आहे ना?"

रेवणसिद्धने घड्याळ उजेडात धरलं. ते अस्सल होतं, जराही बिघडलेलं नव्हतं. त्याचा जीव त्यात अडकला.

तो म्हणाला, "गंगाधर, वाईट वाटून घेऊ नकोस. हे सोनं नाही, मुलामा आहे. कडेने उडालाय."

गंगाधर म्हणाला, "म्हणजे डोळे होते तेव्हाही मला दिसत नव्हतं. घेऊन जा ते. घरात नको."

रेवणसिद्ध घड्याळ घेऊन आला. त्यानंतर गंगाधर घड्याळांविषयी बोलेनासा झाला, मग कशाविषयीच बोलेनासा झाला. त्याचं जेवण तुटलं. त्याने अंथरूण धरलं. ते ऐकून रेवणसिद्धच्याही घशाखाली घास उतरेना. तो तसाच उठून गेला आणि त्याने घड्याळ मित्राच्या तळहातावर ठेवलं.

"मी खोटं बोललो. हे खरं सोन्याचं आहे. मला हाव सुटली होती."

गंगाधरने त्याचा हात थोपटला. "मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर आळ घेतोस. तू भला आहेस, रेवण."

"अरे, शपथेवर सांगतो."

"पुरे आता," गंगाधर म्हणाला आणि घड्याळ त्याच्या हातात परत देऊन, कूस बदलून भिंतीकडे वळला.

काही दिवसांनी तो गेला. शेवटपर्यंत त्याला ते खरं वाटलं नाही. घड्याळ रेवणसिद्धकडेच राहिलं. त्याने ते कपाटात ठेवलं, आणि पुन्हा ते कपाट उघडायचं धैर्य त्याला कधीच झालं नाही.

तात्पर्य: जो आपल्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो त्याला फसवू नये, आपलं खोटं त्याला लगेच पटतं, आणि मागाहून सांगितलेलं खरं त्याच्यापर्यंत पोचतच नाही.