दोनदा आत

"आणि गोफ उकललाच नाही तर?" उमाकांतने विचारले.

"कापूचो," सोमा आजो म्हणाला. "कोयत्यान."

"आणि हाक देणाऱ्याचं काय?"

आजोने पानाला चुना लावला. देठ खुडला. पान तोंडात गेले...

"तेका कोण कापणत नाय. पण मांडार तेची हाक परत कोण आयकणा नाय."

उमाकांत हसला. त्याला असल्या गोष्टींची भीती वाटत नसे. तो हायस्कुलात कवायतीचा मास्तर होता. गळ्यातल्या एका शिट्टीवर तीनशे पोरांना डावीकडे वळवणारा माणूस. गोफाची आठ माणसे म्हणजे त्याला किस झाडकी पत्ती वाटत होती.

गोफ म्हणजे तरी काय? शिमग्यात देवळापुढच्या मांडावर मंडप घालतात. त्याच्या आढ्याला मधोमध आठ रंगीत दोर बांधतात. आठ माणसे एकेक टोक धरून गोल उभी राहतात. चार उजवीकडून फिरतात, चार डावीकडून. समोरून येणाऱ्याला एकदा आतल्या अंगाने ओलांडायचे, एकदा बाहेरच्या अंगाने. वर वेणी पडत जाते. पुरती विणून झाली, की उलटे फिरत फिरत तीच वेणी सोडवायची. उजवीकडच्यांनी आत जायचे की बाहेर, ते हाक देणारा ओरडून सांगतो; डावीकडचे त्याच्या उलट जातात. हाक चुको की बरोबर असो, तिच्याविरुद्ध पाऊल टाकायचे नाही. तो मांडाचा कायदा.

चाळीस वर्षे सोमा आजोने हाका दिल्या. गेल्या वर्षी त्याचा घसा बसला तो बसलाच. यंदा हाक द्यायला वाडीतले कुणी तयार नव्हते. उमाकांत तेवढा पुढे झाला, आणि आता सहा दिवस उरले होते.

"आजोबा, मी सगळं लिहून काढलंय," त्याने वही उघडली. "बत्तीस फेऱ्या. कुठे आत, कुठे बाहेर. एकही चूक नाही."

"बरा केलंस."

"वाचून दाखवू?"

"वही नाचतली?"

उमाकांतने वही मिटली.

"हाक कधी देतलंस?" आजोने विचारले.

"पाऊल पडेल तेव्हा. अगदी तालावर."

आजोच्या हातात पाण्याचा भरलेला तांब्या होता. त्याने तो सोडून दिला.

तांब्या नेमका उमाकांतच्या अंगठ्यावर पडला.

"बाजूक हो," आजो म्हणाला.

उमाकांत एका पायावर अंगणभर नाचला. "आधी नाही का सांगायचं!"

"अगदी तालार सांगलंय."

...

त्या दिवसापासून उमाकांतला हाकेचे वेडच लागले. पाऊल पडायच्या आधी एक ठोका हाक गेली पाहिजे, तरच ती नाचणाऱ्याच्या कानातून पायापर्यंत पोचते. तो न्हाणीघरात हाका देऊ लागला. सायकलवर देऊ लागला. एकदा मैदानावर शिट्टीऐवजी त्याने "आत" अशी आरोळी ठोकली, आणि तीनशे पोरे वर्गात निघून गेली.

अंगठ्याचे नख काळेनिळे झाले होते. त्याला त्याचे काही वाटत नव्हते. असा आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

पाचव्या दिवशी आजोच्या अंगणातल्या मांडवात तालीम झाली. एकही हाक उशिरा गेली नाही. आठही माणसे खूश होती. सुलोचना काकी तीस वर्षे गोफात नाचत होती. तीसुद्धा म्हणाली, "मास्तर, जमला हां तुका."

आजो खांबाला टेकून बसला होता.

"नजर खंय असता तुझी?" त्याने विचारले.

"पायांवर."

"हं..."

"का? चुकतंय काही?"

आजोने हनुवटी वर केली. उमाकांतने वर पाहिले. वर आढे होते, आढ्याला दोर होते. त्यात त्याला बघण्यासारखे काही दिसले नाही.

...

शिमग्याच्या दिवशी उन्हे कलली आणि मांड माणसांनी भरला. हेडमास्तर आले, पोरे आली, मुंबईचे चाकरमानी आले. मृदंगावर थाप पडली. 

"आत!"

उजवीकडचे चौघे आतून गेले.

"बाहेर!"

बाहेरून गेले.

आपल्या तोंडातून शब्द निघतो आणि एका ठोक्यानंतर आठ माणसे लाटेसारखी वळतात, हे पाहून उमाकांतला स्वर्ग दोन बोटे उरला. लाल, पिवळे, हिरवे दोर एकमेकांत गुंतत खाली उतरत होते. ताल चढला. घागऱ्यांचा घेर उडाला. असा गोफ वाडीने बघितलेलाच नाही, असे त्याच्या मनात आले...

"आत!" तो ओरडला.

आणि त्याच भरात पुन्हा, "आत!"

सुलोचना काकीने एकदाच त्याच्याकडे पाहिले. पण पाऊल आतच टाकले. चौघांनीही टाकले.

चूक उमाकांतच्या लक्षात आली. तोंड मात्र चालू राहिले. बाहेर, आत, बाहेर... बत्तीस फेऱ्या पुऱ्या झाल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणाला काही कळले नव्हते.

सोडवायच्या आधी नाचणारे हात बदलतात, तेवढा वेळ मृदंग एकटा वाजतो. उमाकांत धावत खांबापाशी गेला.

"आजोबा, चूक झाली."

"बघलंय."

"कुणाच्या लक्षात आलेली नाही."

"दोराक कळला."

उमाकांतने वर पाहिले. या वेळी त्याला दिसले. सगळी वेणी दाण्याला दाणा लागावा तशी, आणि मध्ये एका जागी पिवळा दोर दोन घरे ओलांडून गेलेला.

"मग आता काय करू?" त्याने वही काढली. पाने भराभर उलटली.

आजोने त्याच्या हातातून वही घेतली. खाली ठेवली. आणि तिच्यावर बसला.

...

मृदंग पुन्हा लागला. आठही जण उलटे फिरू लागले.

"बाहेर!"

वेणी तळाकडून सुटू लागली. उमाकांतची नजर आता पायांवर नव्हती. सुलोचना काकी काय करते, तेही त्याने पाहिले नाही. तो वर बघत होता.

"आत!"

लोकांना एव्हाना चाल पाठ झाली होती. तेही त्याच्याबरोबर ओरडू लागले. आत, बाहेर, आत, बाहेर. सगळा मांड एका सुरात. पोरे उड्या मारत होती. हेडमास्तरही मान डोलावत होते.

आणि तो पिवळा दोर एकेक घर सुटत सुटत टोकाशी आला.

 उमाकांतने दुखरा अंगठा जमिनीवर दाबला. कळ थेट डोक्यात गेली, आणि डोके स्वच्छ झाले. दोर आत जाऊन परत आत गेला होता. तो सुटायचा, तर आत येऊन परत आतच आला पाहिजे. वहीप्रमाणे बाहेर गेला, तर तिथेच आवळणार, आणि मग कोयता.

"आत!" त्याने हाक दिली. मांडही ओरडला, "आत!"

पुढची हाक सगळ्यांच्या ओठांवर होती. दोनशे तोंडे "बाहेर" म्हणायला उघडली होती.

उमाकांत त्यांच्या एक ठोका आधी ओरडला, इतक्या जोरात की त्याचा आवाज फाटला.

"आत!"

एक क्षण सारा मांड अडखळला. मग हशा उसळला. "मास्तर चुकलो रे," कुणीतरी म्हणाले. पोरांनी तोंडावर हात दाबले. हेडमास्तरांनी मान खाली घातली.

काकीचे पाऊल आत पडले. चौघांची चार पावले आत पडली.

वर पिवळा दोर जरासा थरथरला... आणि सळसळत मोकळा झाला.

"सुटलो! सुटलो रे!" उमाकांत आपल्या आईच्या बोलीत ओरडला. आपण काय ओरडलो हेही त्याला कळले नाही. उरलेल्या फेऱ्या वाऱ्यासारख्या गेल्या. शेवटच्या थापेला आठही दोर सरळ, सुटे, आढ्यावरून खाली लोंबत होते. हसणारेच आता टाळ्या वाजवत होते.

उमाकांत धापा टाकत खांबापाशी आला. सदरा घामाने अंगाला चिकटला होता. डोळ्यांत पाणी होते, आणि ते त्याने पुसलेही नाही.

"आजोबा... सगळ्यांसमोर चुकीची हाक दिली मी."

"आयकलंय."

"उद्या शाळेत पोरं हसणार."

"हसतली."

"हसू देत." तो स्वतःच हसला. मग हात जोडून म्हणाला, "पण पुढच्या वर्षी बघाल तुम्ही. तुमची शपथ, एकदाही चुकणार नाही."

आजोने बुडाखालची वही काढली. धूळ झटकली. ती उमाकांतच्या हातात दिली, आणि वर आढ्याकडे बघितले.

"चुकणारच नाय, तर दोराकडे कशाक बघतलंस? मगे पुढल्या वर्षाक दुसरो कोणतरी बघूक होयो."